बेळगाव, खानापूर, निपाणीत बसून टूर-जिरो-रूबे लाईव्ह बघायचंय? मग ह्या क्रमानं करा

दरवर्षी जुलै आला, टूर द फ्रान्स ही सायकलची रेस आली की आमच्याकडच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तेच सुरू होतं. संध्याकाळी सात वाजता कोणीतरी विचारतो, "आज टूर कुठं दिसतंय ओ?", मग चौघं चार लिंका टाकतात, त्यातल्या तीन बोगस निघतात, चौथीवर कार्ड नंबर मागतात, आणि हे सगळं होईस्तोवर घाट संपून पोरं फिनिशला पोचलेली असतात. चूक लिंकेत नसते, क्रमात असते. लोक आधी ॲप शोधतात आणि मग रेस शोधतात. उलटं करायचं. आधी रेस, मग तिचा मालक, मग भारतात हक्क कोणाकडे, मग वेळ, आणि पैसे-टीव्ही-नेट सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, "अमुक ॲप घ्या, सगळं दिसतंय" असं ह्या लेखात मिळणार नाही. सायकलिंगचे हक्क सारखे हात बदलतात. आज मी नाव दिलं तर पुढच्या मोसमात ते खरं असेलच असं नाही. शोधायची रीत मात्र बदलत नाही.

१. आधी ठरवा, कुठली रेस बघायची

"सायकलिंग बघायचंय" एवढ्यावर काय भागत नाही. तीन आठवड्यांच्या तीन मोठ्या रेस आहेत, मे महिन्यात इटलीची जिरो, जुलैत फ्रान्सची टूर, ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरात संपणारी स्पेनची वुएल्टा. एका दिवसाच्या मोठ्या पाच आहेत, मार्चमध्ये मिलान-सानरेमो, एप्रिलमध्ये फ्लँडर्स, पॅरिस-रूबे आणि लिएज-बास्तोन-लिएज, ऑक्टोबरमध्ये लोंबार्दिया. वर्ल्ड चॅम्पियनशिप बहुतेक सप्टेंबरच्या शेवटी. बायकांची टूर २०२२ पासून परत सुरू झालीय आणि बायकांची पॅरिस-रूबे २०२१ पासून, त्या सोडू नका, स्टेज (म्हणजे एका दिवसाचा टप्पा) लहान असतात आणि शेवटपर्यंत मारामारी असते.

कॅलेंडरसाठी प्रोसायकलिंगस्टॅट्स ही साईट पुरेशी आहे. स्टेजचा नकाशा, चढाचा आलेख, सुटायची आणि पोचायची अंदाजे वेळ सगळं तिथं मिळतं. तुम्हाला बघायच्या तेवढ्या रेस कागदावर लिहून काढा. कागदावरच, फोनमधल्या स्क्रीनशॉटचं काय होतं ते तुम्हाला माहिताय.

२. रेसचा मालक कोण ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि इथंच अडकतात. क्रिकेटमध्ये एका बोर्डाचे सामने बहुतेक एका ठिकाणी सापडतात, सायकलिंगमध्ये तसं नाही. प्रत्येक रेसचा आयोजक वेगळा आणि तो आपले हक्क देशागणिक वेगळे विकतो.

टूर द फ्रान्स, पॅरिस-रूबे, लिएज, पॅरिस-नीस ह्या फ्रान्सच्या एएसओ कंपनीच्या, वुएल्टाही त्यांच्याच घरातली. जिरो, मिलान-सानरेमो, स्त्रादे बियांके, तिरेनो-आद्रियातिको, लोंबार्दिया ह्या इटलीच्या आरसीएसच्या. फ्लँडर्स आणि बेल्जियममधल्या दगडी रस्त्यांच्या बऱ्याच रेस फ्लँडर्स क्लासिक्सकडे. वर्ल्ड चॅम्पियनशिप यूसीआयची, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेची. म्हणून जिरो एका ॲपवर दिसली म्हणजे टूर पण तिथंच असेल हे गृहीत धरायचं नाही.

आता काम सोपं झालं. त्या रेसच्या अधिकृत साईटवर जायचं आणि प्रसारकांचं पान शोधायचं. टूरच्या साईटवर देशवार यादी असते. यादीत भारत थेट नावानं असतो, किंवा आशिया, नाहीतर भारतीय उपखंड असं लिहिलेलं असतं, त्यामुळे फक्त भारत शब्द नाही दिसला म्हणून पान बंद करू नका.

आपल्याकडे सायकलिंग मागच्या काही वर्षांत युरोस्पोर्ट चॅनलवर आणि डिस्कव्हरी प्लस ॲपवर दिसलंय, तेव्हा पडताळणी तिथून सुरू करायला हरकत नाही. पण पडताळणी म्हणजे काय, तर ॲपमध्ये जाऊन शोधच्या चौकटीत रेसचं नाव टाकायचं आणि *ह्या वर्षीचं* काहीतरी दिसतंय का बघायचं. मागच्या वर्षीचे हायलाईट दिसले म्हणजे यंदाचं लाईव्ह आहे असं नव्हे.

यूसीआयचं यूट्यूब चॅनल सबस्क्राईब करून ठेवा. ज्या देशात हक्क विकले गेले नाहीत तिथं ते काही रेस थेट तिथंच दाखवतात. आपल्याकडे कधी लागतं कधी नाही, पण लागलं तर फुकट आणि रीतसर.

*तपासा:* जुने लेख वाचून पैसे भरू नका. "कुठं बघाल" छापाच्या अर्ध्या लेखांत अजून जीसीएन प्लसचं नाव आहे, ती सेवा डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाली. लेखाची तारीख आधी बघायची, मग लेख.

३. वेळेचं गणित, आणि मार्चचा फास

युरोपात घड्याळ वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागं. आपलं घड्याळ आहे तिथंच.

म्हणून फ्रान्स-इटली-स्पेन-बेल्जियमच्या वेळेत हिवाळ्यात ४ तास ३० मिनिटं मिळवायची आणि उन्हाळ्यात ३ तास ३० मिनिटं. मिलान-सानरेमो मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आधी असते, म्हणजे साडेचार तास. पुढं एप्रिलमध्ये फ्लँडर्स आणि रूबे येतात तेव्हा साडेतीन. सानरेमोचा हिशोब रूबेला लावला तर तुम्ही तासभर उशिरा टीव्ही लावणार.

टूरची साधी स्टेज तिकडं दुपारी एकच्या आसपास सुटते आणि पाच-साडेपाचला संपते. म्हणजे आपल्याकडे साडेचारला सुरू आणि साडेआठ ते नऊला फिनिश. जेवणाची वेळ, घरात मालिकांचीही वेळ, टीव्हीचा निवाडा आधी करून ठेवा. पॅरिसमधला शेवटचा रविवार उशिरा असतो, तेव्हा रात्री अकरापर्यंत जागायची तयारी पाहिजे.

बाकीचं पटकन: ब्रिटनमध्ये रेस असेल तर उन्हाळ्यात साडेचार तास मिळवा. यूएई टूरला फक्त दीड तास. जानेवारीतली टूर डाऊन अंडर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असते, ते लोक आपल्या पाच तास पुढं आहेत, म्हणजे सकाळच्या चहाबरोबर सायकलिंग. सप्टेंबरात कॅनडात रेस असली की उलटं, मॉन्ट्रियल आपल्या साडेनऊ तास मागं, तिथं दुपारी चारला संपली तर इकडं रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि *तारीख बदललेली असते*. अलार्म लावताना लोक इथंच चुकतात.

*तपासा:* साईटवर दिलेली वेळ तिथली स्थानिक आहे की फोननं आधीच आपल्या वेळेत बदलून दाखवलीय? हे न बघता परत साडेतीन तास मिळवले तर झालंच कल्याण.

४. केबल, डिश की ॲप

चॅनलवर दिसणार असेल तर आधी केबलवाल्याला विचारा. आपल्या भागात एक गंमत आहे. काही घरांत कर्नाटकचा कन्नड पॅक असतो, मराठी घरांत बऱ्याचदा महाराष्ट्राचा पॅक घेतलेला असतो, आणि दोन्हीत मालिका-सिनेमे भरपूर असले तरी युरोस्पोर्ट असेलच असं नाही. पण २०१९ पासून चॅनल सुटा घेता येतो. केबलवाला "तसला चॅनल येत नाही ओ" म्हणाला तर चॅनल नंबर विचारा, यादीत बोट ठेवून दाखवा. सुट्या चॅनलला महिन्याला लागणारे पैसे किरकोळ असतात, वर्षभराच्या ॲपपेक्षा फारच कमी. नेट नीट नसलेल्या गावात मी तरी हाच मार्ग सुचवीन. डिश छत्रीला पावसात त्रास होतो तेवढा सोडला तर.

ॲप घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी तीन प्रश्न. लाईव्ह आहे की फक्त हायलाईट? मोबाईलपुरता प्लॅन आहे की टीव्हीवर पण चालतो? महिन्याचा मिळतो की वर्षाचाच? टूर तीन आठवड्यांची आहे, महिन्याच्या प्लॅनमध्ये अख्खी बसते, फक्त प्लॅन पहिल्या स्टेजच्या आदल्या दिवशी घ्या, पंधरा दिवस आधी घेतला तर शेवटचा आठवडा दोनदा पैसे भरून बघावा लागतो.

परदेशी सेवेला पैसे भरताना कार्ड नाकारलं जातं आणि लोक म्हणतात साईट खराब. बहुतेक वेळा साईट ठीक असते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डावर परदेशी ऑनलाईन व्यवहार मुळातच बंद ठेवलेला असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करायचा, मर्यादा लावायची, पैसे गेले की परत बंद करायचा.

५. व्हीपीएनबद्दल, कारण कोणीतरी विचारणारच

ऑस्ट्रेलियात एसबीएस चॅनलवर टूर फुकट आहे, मग व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारं ॲप) लावून बघितलं तर? व्हीपीएन वापरणं आपल्याकडे गुन्हा नाही, पण बाहेरच्या देशापुरती असलेली सेवा त्यानं बघणं हे त्या सेवेच्या अटी मोडणं आहे, खातं बंद झालं तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय ह्या सेवा व्हीपीएन ओळखतात आणि ऐन मोक्याला अडवतात. फुकटचे व्हीपीएन तर लावूच नका, तुमचा सगळा डेटा ज्याच्या हातातून जातो तो माणूस कोण हे तुम्हाला माहीत नसतं. माझं मत सरळ आहे, भारतात रीतसर मार्ग असेल तर ह्या भानगडीत पडू नये, आणि नसेल तर हायलाईट बघून दिवस काढावा.

६. "फ्री लाईव्ह" लिंका ओळखायच्या कशा

यूट्यूबवर रेसच्या दिवशी लाल रंगात लाईव्ह लिहिलेले डझनभर व्हिडिओ दिसतात. एक उघडून नीट बघा. चित्र जुनं असतं, कधी चक्क कॉम्प्युटर गेमचं फुटेज असतं, चॅटमध्ये एकच वाक्य दहा नावांनी येत राहतं, आणि खाली लिहिलेलं असतं "पूर्ण रेससाठी इथं क्लिक करा". जर्सी बघा. पिवळ्या-काळ्या टीमच्या छातीवर जम्बो लिहिलेलं दिसलं की समजा व्हिडिओ जुना आहे, २०२४ पासून ती टीम व्हिस्मा-लीज अ बाईक झालीय.

*सावध:* लिंकेवर गेल्यावर ह्यातलं काहीही मागितलं तर तिथूनच परत फिरा.
- "फुकट खात्यासाठी फक्त कार्ड नंबर टाका"
- एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरचं ॲप) उतरवून घ्या, अनोळखी ॲपला परवानगी द्या
- व्हिडिओ चालू व्हायला नोटिफिकेशनला होकार द्या

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाईनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिला तास महत्त्वाचा.

७. नेट, डेटा आणि जुलैचा करंट

आपल्याकडे खरी अडचण इथं आहे. टूर जुलैत आणि जुलैत खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस कसला असतो ते सांगायला नको.

आधी डेटा. ४८० क्वालिटीला तासाला अर्धा ते पाऊण जीबी धरा, ७२० ला साधारण एक ते दीड, १०८० ला दोनच्या वर. डोंगराची स्टेज चार-पाच तास चालते. दिवसाला २ जीबीचा पॅक असेल आणि साडेचारपासून ७२० वर बघत बसलात तर साडेसहाच्या आत कोटा संपला, स्पीड पार घसरला, आणि खरा चढ तर आठ वाजता आहे. कोटा रात्री बारालाच भरतो. "माझं अनलिमिटेड फाइव्ह जी आहे" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फोन फोर जीवर घसरला की रोजचा कोटाच कापला जातो आणि गावाबाहेर तो किती वेळा घसरतो हे वरच्या कोपऱ्यात बघितल्याशिवाय कळत नाही.

मोबाईलवरच बघणार असाल तर ह्या क्रमानं: संध्याकाळपर्यंत रील्स बंद, ॲपमध्ये क्वालिटी ऑटोवरून काढून ४८० वर ठेवायची, आणि रेसला उशिरा बसायचं. किती उशिरा हे आलेख सांगतो. सपाट स्टेज असेल तर शेवटचे ३० किलोमीटर पुरे. सानरेमोला जवळपास तीनशे किलोमीटर आहेत पण चिप्रेसाच्या चढाआधी बसलात तर चालतंय, पोज्जो ह्या शेवटच्या चढाचा माथा फिनिशच्या साडेपाच किलोमीटर आधी आहे, निकाल बहुतेक तिथूनच पुढं लागतो. रूबेला मात्र उशीर करू नका, आरेनबर्गच्या जंगलातले दगड फिनिशच्या ९५ किलोमीटर आधी येतात आणि तिथून पुढं प्रत्येक पंक्चर म्हणजे बातमी असते. आल्प्स-पिरेनीजच्या स्टेजला शेवटचे दोन चढ पूर्ण बघा. चोर्ल्याच्या घाटात दम लागलेल्या माणसाला ते बघताना काय वाटतं ते वेगळं सांगत नाही.

आता सीमेची खास गोष्ट. निपाणी-कागल पट्ट्यात, चंदगडच्या बाजूला किंवा चोर्ल्याकडं फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, कधी गोव्याचा. देशात रोमिंगला जादा पैसे लागत नाहीत, पण बऱ्याच फोनांत डेटा रोमिंगचं बटण बंद असेल तर पलीकडचा टॉवर लागला की नेट ठप्प. काड्या पूर्ण दिसतात, व्हिडिओ हलत नाही. ते बटण चालू करून ठेवा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

घरी फायबर असेल तर करंटचा बंदोबस्त करा. इन्व्हर्टर असेल तर राऊटर त्याच्या लाईनवर आहे का बघा, नसेल तर राऊटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी राऊटरच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. आणि फायबरचा डबा आणि वायफायचा डबा असे दोन वेगळे असतील तर *दोन्हींना* करंट पाहिजे. एकालाच यूपीएस लावून "वायफाय तर दिसतंय, नेट का नाही" म्हणत बसणारे बरेच आहेत.

८. टीव्हीवर आणायचं

टीव्हीतच ॲप असेल तर उत्तम. ते रेसच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी अपडेट करून लॉगिन करून ठेवा, कारण रिमोटनं पासवर्ड टाइप करणं हे स्वतंत्र घाट चढण्यासारखं आहे.

ॲप नसेल तर फोनवरून कास्ट करा. कास्ट आणि मिररिंग एक नव्हे. कास्टमध्ये टीव्ही स्वतः नेटवरून व्हिडिओ ओढतो आणि फोन फक्त रिमोट होतो, मिररिंगमध्ये फोनच सगळं ढकलत असतो. मिररिंगला बरीच ॲप आवाज देतात आणि चित्र काळं ठेवतात, तो बिघाड नाही, मुद्दाम केलेली अडवणूक आहे. मोबाईलपुरता प्लॅन असेल तर कास्टचं चिन्हच दिसत नाही. अशा वेळी टीव्हीला शिव्या देऊन उपयोग नाही, प्लॅन बदलावा लागतो. बाजारातल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सवर चित्र धुरकट येत असेल तर तेही बहुतेक त्या बॉक्सला चांगल्या क्वालिटीच्या व्हिडिओचा सुरक्षा परवाना नसल्यामुळे असतं, वायफाय कितीही चांगलं असू दे.

९. रेसच्या दिवशी

फिनिशच्या दोन तास आधी ॲप उघडून स्ट्रीम खरंच चालतंय का बघा. चाललं की बंद करा. फोन चार्जिंगला लावा. टूर असेल तर तिच्या अधिकृत साईटवरचं रेस सेंटर दुसऱ्या फोनवर उघडा, त्यात कोण पुढं आहे, किती मिनिटांचं अंतर आहे, किती किलोमीटर राहिले हे थेट दिसतं आणि डेटा फार कमी लागतो. नेट अगदीच गेलं तर तेवढ्यावर पण रेस समजते.

व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. ॲपवरचं चित्र टीव्ही चॅनलपेक्षा उशिरा येतं, कधी अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. तुमच्या पडद्यावर स्प्रिंट सुरू व्हायच्या आत कोणीतरी "पोगाचार!!!" असं जिंकणाऱ्याचं नाव टाकून मोकळा होतो. उद्या हायलाईट बघणार असाल तर यूट्यूबचं पहिलं पान पण उघडू नका, छोट्या चित्रातच जिंकलेल्या माणसाचे हात वर असतात. थेट त्या चॅनलवर जाण्याची लिंक आधी साठवून ठेवा.

१०. मध्येच थांबलं तर

घाई करून राऊटर बंद-चालू करायच्या आधी पडदा बघा. गोल चक्र फिरतंय? अडचण बहुतेक तुमच्याकडे आहे. क्वालिटी उतरवा, मग वायफाय सोडून मोबाईल डेटावर बघा, मग ॲप बंद करून उघडा. राऊटर सगळ्यात शेवटी, कारण तो परत उठेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

पण चित्र गोठलंय किंवा चौकोन चौकोन झालंय आणि कॉमेंट्री नीट चालू आहे, खाली किलोमीटर पण बदलताहेत? मग अडचण फ्रान्समध्ये आहे. मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्याचं चित्र वर हेलिकॉप्टर नाहीतर विमानाकडं जातं आणि तिथून खाली येतं, डोंगरात ढग-पाऊस असला की ही साखळी तुटते. जगभर सगळ्यांना तेच दिसत असतं. काही करू नका, चहा टाका.

११. मोसम संपल्यावर

ऑटो-पे बंद करायचं राहतं आणि पुढच्या वर्षी पैसे कापले गेल्यावर आठवतं. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नव्हे. यूपीआयनं भरले असतील तर यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेची यादी असते, तिथं जाऊन ते मॅन्डेट रद्द करा. कार्डानं भरले असतील तर सेवेच्या साईटवरून रद्द करा आणि बँकेच्या ॲपमध्ये पण एकदा बघा. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये. रद्द केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी बघता येतं, म्हणून पैसे भरल्याच्या दिवशीच रद्द करून टाकलं तरी चालतं, फक्त त्या सेवेची अट आधी वाचून घ्या.